सोडलेला मासा

दिवाळीत महिनाभर भारतात जायचे ठरले, किंवा कायमचे परत निघायचे झाले, की आपल्या घरांतून एक प्रश्न हमखास निघतो: फिशटँकचे काय करायचे? मग कुणीतरी सुचवते, "सोडून द्या की उलू पांदानच्या पाण्यात. बिचारे मोकळे होतील!" ऐकायला अगदी पुण्याचे काम वाटते.

शिकवण्याची सवय अजून गेली नाही, म्हणून तीन क्रियापदे मांडते: तगणे, रुजणे आणि फोफावणे. अमेरिकेतला स्मॉलमाउथ बास घ्या. थंड, नितळ, खडकाळ पाण्यातला मासा. झऱ्याचे छोटे तळे गार असले, तर तो तिथे तगेल. पण रुजायला घरट्यासाठी तळाशी खडी हवी आणि खायला पुरेसे लहान मासे हवेत. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात. आपल्या सिंगापुरी उकाड्यात त्याचा निभाव लागणे कठीणच.

पीकॉक बासचे मात्र उलटे झाले. हा दक्षिण अमेरिकेतला, उष्ण पाण्यातला. लोकांनी इथल्या जलाशयांत सोडला आणि तो चांगलाच फोफावला. लहान मासे हाच त्याचा खुराक. आफ्रिकेतला तिलापिया जपानी अमदानीत इथे पसरला. त्याची मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्ले वाचतात. १९५२ साली तो भारतातही आणला गेला. उजनीकाठी तिलापियाला 'चिलापी' म्हणतात. त्याच्यावर तिथे कितीतरी घरे चालतात, आणि गावठी मासे कमी झाल्याची तक्रारही त्याच्याच नावाने होते.

म्हणजे सोडलेला मासा एक तर तडफडून मरतो, नाहीतर जगून दुसऱ्यांच्या तोंडचा घास काढतो. यात पुण्य कुठले? शिवाय परवानगीशिवाय प्राणी सोडणे इथे गुन्हा आहे, दंड होतो. नॅशनल पार्क्स बोर्ड तर वेसाक दिनाच्या सुमारास यासाठी खास मोहीम राबवते.

तेव्हा मैत्रिणींनो, तिकिटे काढतानाच माशांचीही सोय बघा. मंडळाच्या ग्रुपवर विचारा, ओळखीच्या घरी द्या, नाहीतर दुकानदार परत घेतो का ते पाहा. आणि मुलांना कारण जरूर सांगा. नियम ती विसरतील, पण चिलापीची गोष्ट विसरणार नाहीत.