टोपलीतला टाकळा आणि बाटलीतले टॉनिक

"डॉक्टर, पोराच्या डोळ्यांसाठी एखादं टॉनिक लिहून द्या," अशी मागणी घेऊन शहापूर-मुरबाडच्या गावांतून येणारे पालक पुष्कळ. घरी भाजी कोणती होते, असे विचारले की उत्तर ठरलेले: बटाटा. वर गाजर परवडत नाही ही तक्रार!

गाजराचा एवढा गवगवा कोणी केला कोण जाणे. गाजराला रंग देणारे कॅरोटीन टाकळा, माठ, शेवग्याचा पाला यांतही भरपूर असते. फक्त ते हरितद्रव्याच्या रंगाखाली झाकलेले असते. फणसाचे पान जून झाले की हिरवा रंग जातो आणि खालचा पिवळा उघडा पडतो. हा रंग पानाला शोभेसाठी नसतो. कडक उन्हातील जादा प्रकाशापासून तो पानाची राखण करतो. याच बीटा-कॅरोटीनपासून आपले शरीर 'अ' जीवनसत्त्व बनवते. ते फार कमी पडले तर मूल दिवेलागणीनंतर चाचपडू लागते आणि पुढे बुबुळ खराब होऊन दृष्टी कायमची जाऊ शकते. अशा मुलाला गोवर आणि जुलाबही अधिक छळतात.

पहिल्या पावसानंतर आमच्या ठाकर, कातकरी बाया रानभाज्यांच्या टोपल्या बाजारात आणतात. ती भाजी विकून घरी जाताना पोरांसाठी बिस्किटांचा पुडा घेतात. याला नुसते अज्ञान म्हणणे मला पटत नाही. रानभाजी म्हणजे गरिबीची खूण, हे आपणच त्यांना शिकवले आहे.

भाजी नुसती पाण्यात उकडू नका. कॅरोटीन तेलात विरघळते, म्हणून फोडणीत चमचाभर तेल हवेच. अन्नातील सुमारे 12 मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीनपासून जेमतेम 1 मायक्रोग्रॅम 'अ' जीवनसत्त्व मिळते. तेव्हा सणावारी चव घेऊन भागत नाही, मुलाच्या ताटात पालेभाजी रोज हवी. पपई, तांबडा भोपळा फार खाल्ल्याने तळहात पिवळे झाले तर घाबरू नये. डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच असेल तर ती कावीळ नव्हे.

एक मात्र बजावतो. रातांधळेपणा दिसला तर भाजीवर विसंबू नका, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. 9 महिन्यांपासून 5 वर्षांपर्यंत 'अ' जीवनसत्त्वाचे 9 सरकारी डोस मिळतात, तेही चुकवू नका. गरोदर बाईने मात्र 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, जादा मात्रा गर्भाला बाधते. टाकळ्याच्या भाजीने तसे काही होत नाही.