स्लेव्ह : नाव कुणाचं, लाज कुणाची?

पंडित सांगतो, शब्दाचं मूळ बघा, माणसाची लायकी कळते. बघू या की.

इंग्रजीत गुलामाला स्लेव्ह म्हणतात. फ्रेंचमध्ये एस्क्लाव्ह, स्पॅनिशमध्ये एस्क्लावो, इटालियनमध्ये स्कियावो. भाषा वेगळ्या, शब्द एकच. आणि हा शब्द म्हंजे एका लोकसमूहाचं नाव. स्लाव.

पूर्व युरोपातले हे लोक. बऱ्याच भाषातज्ज्ञांच्या मते त्यांचं नाव 'स्लोवो'वरून आलं. स्लोवो म्हंजे शब्द. आपण बोलणारी माणसं, असं ते स्वतःला म्हणवत. नवव्या-दहाव्या शतकांत जर्मन सरदारांनी त्यांच्यावर स्वाऱ्या केल्या, माणसं धरली. व्यापाऱ्यांनी ती भूमध्य समुद्राच्या बाजारांत विकली. इतके स्लाव विकले गेले, की लॅटिनमधला गुलामाचा जुना शब्द 'सेर्वुस' मागं पडला आणि 'स्क्लावुस' म्हंजेच गुलाम झाला.

व्हेनिसची माणसं भेटली की अदबीनं म्हणत, मी तुमचा गुलाम. तेच झिजून 'चाव' झालं. आज जगभर लोक हात हलवून चाव म्हणतात. ज्यांना विकलं त्यांची आठवण कुणाला?

आता घरचं बघा. ऋग्वेदात 'दास' हे आर्यांच्या शत्रूंचं नाव. पुढं संस्कृतात दास म्हंजे गुलाम. चाल तीच. आधी माणूस हरवायचा, मग त्याच्या नावाची शिवी करायची, मग पोथी काढून दाखवायची : बघा, ह्याच्या नावातच गुलामी!

साफ खोटं. गुलामी नावात घातली गेली. घालणारे हात होते, त्या हातांत पैसा होता. जोतीरावांनी हे ओळखलं. १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि अमेरिकेत काळ्यांच्या गुलामीविरुद्ध झटलेल्या लोकांना अर्पण केली. दुनियेतले गुलाम एकाच कामटीनं हाकलेले, हे त्यांना पुण्यात बसून दिसलं.

दोस्तांनो, आपले काही शिकलेले भाऊ आडनाव लपवतात. भाड्याची खोली मिळत नाही म्हणून लपवतो, त्याची अडचण मला कळते. पण लाज वाटते म्हणून लपवतो, त्याच्याशी माझं भांडण आहे. अरे, स्लावांनी नाव टाकलं नाही. त्याच नावानं आज देश उभे आहेत : स्लोव्हाकिया, स्लोव्हेनिया.

लाज विकणाऱ्याची आहे. ती तू का वागवतोस? नेऊन टाक त्याच्या दारात, आणि आपलं नाव मोठ्यानं सांग.