मग घेऊन जा तुमच्या पेशंटला

वृद्धाश्रमाच्या ऑफिसात आवाज थोडा चढला की टेबलापलीकडून एक ठरलेलं वाक्य येतं, ‘एवढं पटत नसेल, तर घेऊन जा तुमच्या पेशंटला.’ बोलणारा चिडलेला असतोच असं नाही. बऱ्याचदा समोर चहा ठेवूनच म्हणतो. आपण नेणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. नेणार कुठे? घरात जागा नाही, दिवसरात्रीची बाई मिळत नाही, मिळाली तर टिकत नाही, लेक परदेशात, आणि दुसऱ्या आश्रमात विचारावं तर तिथे वेटिंग. मग आपण चहा पितो आणि ‘जरा बघा हो’ एवढं म्हणून उठतो. आपल्याकडे वृद्धाश्रमातल्या बहुतेक तक्रारी अशा चहाच्या कपातच बुडत असाव्यात.

माझी आत्या शहराबाहेरच्या एका खासगी आश्रमात आहे. नाव सांगत नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे. ऐन मे महिन्यात तिच्या पायात लोकरीचे मोजे होते. ‘आत्या, थंडी वाजते का हो?’ वहिनीनं विचारलं. आत्या दारात उभ्या असलेल्या बाईकडे बघून म्हणाली, ‘नाही, बरं आहे सगळं.’ वहिनीनं बरीच वर्षं सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी केली आहे. ती खाटेच्या कडेवर टेकली आणि गप्पा मारता मारता एक मोजा खाली सरकवला. टाचेवर रुपयाएवढा काळा, कडक डाग होता. भोवती लालसर सूज आणि एक कुबट वास. ‘ही टाच गादीवरून कुणी उचललेलीच नाही,’ वहिनी मला हळूच म्हणाली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची असते. पोटऱ्यांखाली उशी सरकवली की टाच अधांतरी राहते. यात महागाचं काही नाही, फक्त माणूस लागतो. पाण्याचा तांब्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेला होता, खाटेवरून हात पोचणार नाही इतका लांब. पाणी कमी प्यायलं की डायपर कमी बदलावे लागतात, हे गणित पुढे तिथल्याच मावशींनी सांगितलं.

व्यवस्थापक म्हणाले, ‘ताई, शुगर आहे, वय झालंय. होतंच असं.’

आता हे अगदीच खोटं नसतं, पंचाईत तिथेच आहे. म्हातारपणी कातडी कागदासारखी पातळ होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर नुसता हात धरून उठवलं तरी जांभळा डाग उठतो. मधुमेहात टाचेची जखम चांगली काळजी घेऊनही होऊ शकते. त्यामुळे एका डागावरून कुणाला गुन्हेगार ठरवू नये. पण दोन्ही मनगटांवर सारखेच वळ दिसले, कधीही गेलं तरी माणूस गुंगीतच असला, वजन उतरत चाललं, कवळी नि चष्मा हरवले ते हरवलेच, पडल्याची हकिकत दर वेळी वेगळी ऐकायला मिळाली, भेटीच्या वेळी कुणीतरी कायम दारात उभं राहिलं, तर ‘वय झालंय’ या उत्तरावर थांबायचं कारण नाही. आणि संशय कळवायला पुरावा लागत नाही. पुरावा शोधणं हे चौकशी करणाऱ्याचं काम.

रात्रपाळीच्या मावशी आम्हाला फाटकाबाहेर, रिक्षाची वाट बघताना भेटल्या. ‘रात्री मी एकटी, अन् मजल्यावर चौदा जणं. कुणाकुणाला कुशीवर वळवू? माझं नाव नका घेऊ, ताई.’ त्यांच्यावर राग धरावा तर कसा धरावा? जागतिक आरोग्य संघटनेची आकडेवारी सांगते की घरीदारी राहणाऱ्या साठीपुढच्या दर सहा जणांतल्या एकाला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या छळाला किंवा दुर्लक्षाला तोंड द्यावं लागतं. संस्थांमधलं चित्र याहून वाईट आहे. तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारलं, तर तिघांतल्या दोघांनी वर्षभरात आपल्या हातून असं काही घडल्याचं कबूल केलं. तिघांतले दोघे मुळातच दुष्ट असतील, असं मी मानत नाही. चौदा जणांमागे एक बाई नेमणारा माणूस त्या रात्री घरी झोपलेला असतो, आणि त्याचं नाव कुठल्याच तक्रारीत येत नाही.

कायद्याकडे वळावं, तर तिथे वेगळीच गंमत. ज्येष्ठ नागरिकांचा २००७चा निर्वाह व कल्याण कायदा आपण मोठ्या अभिमानानं सांगतो. पण त्याचा सगळा रोख मुलांवर आहे. पोटगी न देणाऱ्या मुलाला प्रांताधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणात खेचता येतं, महिना दहा हजारांपर्यंत पोटगी मिळते. प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधारांसाठी वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे. त्या आश्रमात रात्री काय चालतं, यावर मात्र कायदा जवळजवळ मुका आहे. कलम २४मध्ये तीन महिन्यांची कैद आहे खरी, पण ती ज्येष्ठाला कायमचं टाकून देण्याच्या हेतूनं कुठेतरी सोडून देणाऱ्याला. महिन्याच्या महिन्याला पैसे घेऊन, खाटेवर ठेवून, पाणी न देणारा त्यात कसा बसवायचा? २०१९मध्ये दुरुस्ती विधेयक आलं होतं. छळाच्या व्याख्येत दुर्लक्ष होतं, आश्रमांची नोंदणी होती, किमान दर्जा होता. ते लोकसभेबरोबरच २०२४ साली बारगळलं. त्यावर मोर्चा सोडाच, साधी चर्चाही झाल्याचं मला आठवत नाही.

एक जुनं कलम मात्र आहे आणि वकिलांनाही ते चटकन आठवत नाही. आजारपणामुळे किंवा अशक्तपणामुळे असहाय असलेल्या माणसाची सेवा करण्याचा करार ज्यानं केला आहे, त्यानं जाणूनबुजून ती टाळली, तर तो गुन्हा आहे. १८६०च्या दंडसंहितेत हे कलम ४९१ होतं आणि दंड दोनशे रुपये होता. आता भारतीय न्याय संहितेत ते ३५७ झालं असून कैद तीन महिन्यांपर्यंत, दंड पाच हजारांपर्यंत. शिक्षा किरकोळच. पण अर्जात कलमाचा आकडा घातला, की पोलीस ठाण्यात ‘हा तुमचा घरगुती मामला’ म्हणून वाटेला लावणं जरा अवघड जातं.

वहिनीनं लावलेला क्रम मला पटला. आधी दवाखाना. आत्याला बाहेरच्या डॉक्टरांकडे नेलं आणि जखमेची लांबी, रुंदी, खोली केसपेपरवर लिहून घेतली. फोटो काढले, मागे त्या दिवसाचं वर्तमानपत्र धरून. मग संस्थेला लेखी पत्र दिलं आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सहीची पोच घेतली. तोंडी तक्रार ही तक्रार नसते, हे तिला नोकरीनंच शिकवलेलं. संस्था ट्रस्ट असेल, तर एक प्रत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावी. समाजकल्याण खात्याला आणि जिल्हाधिकाऱ्यांनाही द्यावी. जिवाला धोका वाटला, मारहाण दिसली, तर पत्र लिहीत बसू नये, सरळ ११२ फिरवावा. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते. तिथे नातेवाईकच असावं लागतं असं नाही, शेजाऱ्यानं फोन केला तरी चालतो. आणि पैसे भरून घेतलेली सेवा असेल, तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर शुल्कही नाही. प्रवेशाच्या वेळी ‘कोणत्याही इजेस संस्था जबाबदार राहणार नाही’ असल्या हमीपत्रावर सही घेतात. त्या कागदाला घाबरून घरी बसू नये. निष्काळजीपणाचा परवाना अशा सहीनं मिळत नाही.

तरी खरी धास्ती वेगळीच असते. पत्र दिल्यावर त्या रात्री आत्याचं काय होईल? यावर आम्हाला सापडलेला इलाज एकच, एकट्यानं तक्रार करायची नाही. भेटीच्या वेळी व्हरांड्यात आपण सगळे एकमेकांकडे बघून हसतो, पण शेजारच्या खाटेवरचे आजोबा कुणाचे, हे विचारत नाही. वहिनीनं विचारलं. मजल्यावरच्या पाच घरांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप झाला. व्यवस्थापकांना तो मुळीच आवडला नाही. आता रोज कुणी ना कुणी, वेळ न सांगता, सगळ्यांच्याच खाटांवरून नजर फिरवून येतं, उशा सरकवतं, तांब्या हाताशी ठेवतं. अर्जावर पाचही घरांच्या सह्या आहेत. पाच पेशंट एकदम घेऊन जा म्हणणं संस्थेलाही परवडत नाही.

संस्थेचं उत्तर गेल्या आठवड्यात आलं. तीन ओळी. ‘आपल्या पत्राची गंभीर दखल घेऊन संबंधित कर्मचाऱ्यास कामावरून कमी करण्यात आले आहे.’ अर्जात आम्ही कुणाचंच नाव दिलं नव्हतं. रात्रपाळीला आणखी एक मावशी द्या, एवढीच मागणी होती. संस्थेनं होत्या त्याच मावशींना काढलं. आता जिल्हाधिकाऱ्यांना दुसरा अर्ज गेला आहे. त्यात मजल्यावर खाटा किती आणि रात्री माणसं किती, एवढे दोनच आकडे मागितले आहेत. मावशींना वहिनीनं फोन केला होता. चौकशी झाली तर साक्ष द्यायला येईन म्हणाल्या, नाव घातलं तरी चालेल.