नाव झाकले, तरी नोंद बोलते

पेढीवरील जाणता मुनीम खात्यावरचे नाव झाकले, तरी नोंदींवरून आसामी ओळखतो. इंटरनेटवरही तसेच घडते. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या अमेरिकी कंपनीने सुमारे साडेसहा लाख ग्राहकांनी घेतलेले शोध खुले केले. नावांऐवजी केवळ क्रमांक ठेवले. तरीही गाव, आडनाव यांसारख्या शोधांवरून ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे वार्ताहर काही दिवसांतच जॉर्जिया राज्यातील एका ६२ वर्षांच्या विधवेपर्यंत पोहोचले. तिने शोधलेले कित्येक आजार तिचे नव्हतेच. मैत्रिणींच्या काळजीपोटी तिने त्यांची माहिती पाहिली होती.

वाचकहो, आपल्या शोधांतून आप्तांची गुपितेही उघडी पडतात. म्हणून दुखणे, कर्ज वा सोयरीक यांविषयी शोध घेताना कोणाचेही नाव-गाव लिहू नये आणि जुने शोध वेळोवेळी पुसावेत.