नाटकाचा कागद



काही वर्षांपूर्वी जुन्या सामानाच्या बाजारात आम्हा दोघांना एक लांबट, पिवळट कागद मिळाला. वॉशिंग्टनचे फोर्ड्स थिएटर, १४ एप्रिल १८६५, नाटक ‘अवर अमेरिकन कझिन’. म्हणजे प्रेसिडेंट लिंकनना गोळी लागली त्या रात्रीचे हँडबिल! ते पेसाहचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी शब्बाथ, सिनेगॉगमध्ये जमलेल्या लोकांना तिथेच ही बातमी कळली. चाळीस डॉलर मोजून आम्ही अगदी खुशीत घरी आलो.

घरी भिंग लावले. थर्मामीटरची बारीक रेघ वाचण्यात आमची नोकरी गेलेली. पाहतो तो अक्षरे बारीक ठिपक्यांची! त्या काळी खिळे जुळवून, दाब देऊन छापत. कागदाच्या पाठीवर बोट फिरवले की तो दाब पुष्कळदा हाताला लागतो. आमचा कागद गुळगुळीत. नक्कल निघाली! लिंकन गेल्यानंतर आठवण म्हणून अशा नकला पुष्कळ छापल्या गेल्या. आमचे हे म्हणाले, “जाऊ दे, शिकवणीची फी समज.”

तेव्हापासून आम्ही साधी, स्वस्त, पण खरी हँडबिले जमवतो. त्यावर नटांची नावे, मुख्य नाटक, शेवटचा फार्स, तिकिटाचे दर, सगळे असते. पुष्कळदा वर्ष तेवढे नसते. वार आणि तारीख फक्त. बाळांनो, हे कोडे सोडवायला मजा येते. १४ एप्रिलला शुक्रवार १८६५ मध्ये आला, तसाच १८७१ आणि १८७६ मध्येही. मग नटांच्या नावांवरून खरे वर्ष शोधायचे.

आता मनातले सांगतो. आमचे बाबा मुंबईत हौशी नाटकांत काम करायचे. १९७५ साली इकडे येताना सामानाचे वजन भरले, म्हणून पत्र्याच्या पेटीतली त्यांची हँडबिले आम्ही रद्दीत घातली. परक्यांचे कागद आज पैसे देऊन घेतो आणि आपले किलोवर विकले!

आपल्या समाजाचे जोसेफ डेव्हिड पेणकर नाटककार होते. पहिला हिंदी बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) त्यांच्याच नाटकावरून निघाला. त्या बोलपटाची एकही प्रत आज उरलेली नाही. उरले ते फोटो आणि जाहिरातींचे कागद.

म्हणून एवढे करा. घरात जुने हँडबिल, लग्नाची पत्रिका, कार्यक्रमाचा कागद असेल तर टाकू नका. चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकमध्ये गरम करून बंद करू नका, उन्हात ठेवू नका. मागे पेन्सिलीने वर्ष, गाव आणि माणसांची नावे लिहा. आजी-आजोबांनी सांगायचे, नातवंडांनी लिहायचे. हे काम आजच करा, कारण सांगणारे आता थोडेच राहिलोत.

पुढच्या अंकी भेटूच.