शिसं न घातलेल्या पेन्सिली

जुन्या जपानी मेकॅनिकल पेन्सिली जमवणाऱ्यांशी माझं काही भांडण नाही. मीही जमवतो. राग आहे तो 'मिंट कंडिशन'वाल्यांवर. म्हणजे कसं, जपानी लिलावातून एजंटमार्फत पेन्सिल मागवायची, कस्टम ड्यूटी भरायची, चार फोटो काढायचे आणि किमतीच्या स्टिकरसकट डब्यात बंद! शिसं घालून बघायचं नाही, कारण म्हणे व्हॅल्यू उतरते. अरे, मग लोणचं घाला ना तिचं!

मुळात ही कामाची वस्तू. तोकुजी हायाकावांनी १९१५ मध्ये धातूची मेकॅनिकल पेन्सिल काढली. तिच्या 'एव्हर-रेडी शार्प' या नावावरूनच पुढे शार्प कंपनीचं नाव पडलं. १९२३ च्या कांतो भूकंपात त्यांची बायको-मुलं गेली, कारखाना गेला, आणि कर्ज फेडताना पेन्सिलचा धंदाही. गडी ओसाकाला जाऊन रेडिओ बनवायला लागला.

ड्रॉइंगच्या पेन्सिलीची पुढची नळी साधारण ४ मिमी लांब असते. ती काय शोभेला? पट्टीच्या कडेला सरळ टेकावी आणि टोक नेमकं कुठे आहे ते दिसावं म्हणून. मिनी ड्राफ्टर घेऊन ईडीच्या शीटवर ज्यांनी रात्री जागवल्यात, त्यांना हे सांगायला नको.

१९८२ मध्ये ऑटोकॅड आलं आणि हळूहळू ड्रॉइंग बोर्ड अडगळीत गेले. म्हणजे या पेन्सिलींच्या पोटावर पाय आणला तो आपल्याच जातभाईंनी, सॉफ्टवेअरवाल्यांनी. आता सॉफ्टवेअरच्याच पगारातून त्या विकत घ्यायच्या आणि वर कपाटात कोंडायच्या? वा रे वा.

बरं, नुसत्या ठेवून टिकतात म्हणावं तर तेही नाही. रबरी ग्रिप असेल तर वापरा न वापरा, काही वर्षांनी चिकट होते. आपल्याकडच्या दमट हवेत क्रोमवर ठिपके उठतात. आणि पुढचं टोक वाकलं म्हणून एखादा बिचारा त्याच मॉडेलचा सुटा भाग शोधत फिरत असतो. तो मिळणार कुठून? मॉडेल बंद, आणि उरलेला माल यांच्या ड्रॉवरमध्ये.

'पण कुणीतरी जपून ठेवायला हवं ना?' असं एका मित्राने मला ऐकवलं. ठेव की बाबा. एक ठेव. त्याच मॉडेलच्या अकरा कशाला?

पेंटेलची केरी १९७१ ची, आजही नवी मिळते. तिला चक्क टोपण आहे. ते मागे लावलं की टोपणावरचंच बटण दाबून शिसं पुढे येतं. माझी जुनी आहे, टोपणावर ओरखडे, क्लिप थोडी सैल. रोज मीटिंगला नेतो, बग्जची यादी तिनेच लिहितो.

विकायची नाहीये. विचारू नका.