परसांतील माशांचें तळें कोठें असावें?

घर बांधतांना मनुष्य जागेचा विचार करितो, विहीर खणतांना तर दहा जाणत्यांना विचारतो. परंतु परसांत माशांचें लहानसें तळें करावयाचें मनांत आलें, म्हणजे हा सर्व विचार कोठें तरी हरपतो. जो कोपरा दुसऱ्या कशाच्याही उपयोगाचा नाहीं, तो तळ्याला द्यावा, अशी जणूं वहिवाटच पडली आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांना 'कोई' जातीच्या रंगीत माशांची हौस आहे, म्हणून या विषयावर दोन शब्द लिहितों. माझें म्हणणें थोडक्यांत असें कीं, तळ्याची जागा ही शोभेची बाब नसून जबाबदारीची बाब आहे.

हा मासा मूळचा आपल्याकडील नव्हे. जपानांतील निगाता भागांतील शेतकरी खाण्यासाठीं जे कार्प मासे पाळीत, त्यांतूनच एकोणिसाव्या शतकांत रंगीत जाती निवडून वाढविल्या गेल्या. आणि १९१४ सालीं टोकियोच्या प्रदर्शनांत ते मांडले गेल्यावर त्यांची कीर्ति जपानभर पसरली. नीट राखल्यास हा मासा दोन फूट लांब होतो व पंचवीस-तीस वर्षें जगतो. आज सातवींत शिकणारा मुलगा स्वतः बाप होईल, तेव्हांही त्याचा मासा त्याच पाण्यांत असूं शकेल. इतक्या दीर्घ सोबत्याला अडगळीचा कोपरा देणें योग्य नव्हे.

येथें माझी स्वतःची चूक सांगितली पाहिजे. पाणी उताराकडे जातें, तेव्हां तळेंही उताराच्या टोकाला असावें, असा माझा साधा तर्क होता. परसाच्या अगदीं सखल कोपऱ्यांत मीं तें खणविलें. वरच्या अंगाला द्राक्षाचा मांडव होता. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलावर मोरचूद व चुना यांची फवारणी केली, आणि दुसऱ्याच रात्रीं परतीच्या पावसाची जोरदार सर आली. सकाळीं पाहतों तों सातही मासे पाण्यावर उलटे तरंगत होते. मोरचुदांतील तांबें वेलाला तारक, पण माशाला मारक आहे. दोष पावसाचा नव्हता, औषधाचाही नव्हता. जागा मीच निवडली होती. त्या माशांना माझ्या धाकट्या मुलीनें नांवें ठेविलीं होतीं. तिला काय उत्तर द्यावें, हें मला त्या दिवशीं सुचलें नाहीं.

तेव्हांपासून मी उलट नियम सांगत आलों आहें: तळें वर असावें आणि बाग खालीं असावी. तळ्याचा कांठ जमिनीपासून एक वीतभर तरी उंच असावा, म्हणजे अंगणांतील पाणी आंत शिरत नाहीं. शिवाय माशांच्या विष्ठेनें पाण्यांत उतरलेलें नत्र झाडांना खत म्हणून उपयोगी पडतें. तळें वरच्या अंगाला असेल, तर बदललेलें पाणी आपोआप भाजीच्या वाफ्यांत जातें. खालून वर येतें तें विष आणि वरून खालीं जातें तें खत, असें नव्हे. पाणी नेहमीं वरूनच खालीं येतें, म्हणून वर काय आहे हें पाहणें एवढेंच आपल्या हातीं आहे.

दुसरी गोष्ट उन्हाची. पाणी जसजसें तापतें, तसतसा त्यांत विरघळलेला प्राणवायु कमी होतो. १५ अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यांत सुमारें १० मिलिग्रॅम प्राणवायु मावतो, तर ३० अंशांवर तो साडेसातच मावतो. आणि गरम पाण्यांत माशाला तर तो अधिक लागतो. नाशिकचा वैशाख ज्यानें अनुभवला आहे, त्याला याचा अर्थ निराळा सांगावयास नको. यास्तव घराच्या पूर्वेची बाजू मला सर्वांत उत्तम वाटते. सकाळचें कोंवळें ऊन तेथें मिळतें, आणि दुपार कलली म्हणजे घराचीच सावली पाण्यावर पडते.

सावलीसाठीं झाडाखालीं तळें करावें, असें पुष्कळांना वाटतें. पण झाडाची सावली फुकट मिळत नाहीं. कडुनिंबाचीं पानें झडूं लागलीं कीं रोज सकाळीं सूप भरून काढावीं लागतात. न काढलीं तर तळाशीं कुजून प्राणवायु खातात. वड, पिंपळ, उंबर यांचीं मुळें तर पक्कें बांधकामही फोडतात. जमीनही पाहावी. काळी माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावर बांधलेला हौद टिकावयाचा नाहीं. मुरूम लागेपर्यंत खणावें. शौचकुपापासून मात्र दूरच राहावें.

या सर्वांहून मोठा नियम असा कीं, तळें डोळ्यांसमोर असावें. पांडवलेण्यांत जाऊन पाहा. डोंगरांत लेणें कोरणाऱ्यांनीं पाण्याच्या पोढी लेण्यांजवळच खडकांत खोदल्या. उषवदाताच्या शिलालेखांत लेण्याच्या जोडीनेंच त्यांचा उल्लेख आहे. राहण्याची जागा आणि पाण्याची जागा त्यांनीं निराळी मानली नाहीं. स्वयंपाकघराच्या खिडकींतून जें तळें दिसतें, त्यांतला पंप बंद पडला तर तासाभरांत कळतें. मागच्या कोपऱ्यांतल्या तळ्याचें आठ दिवसांनीं कळतें. तेवढ्या अवधींत साचलेल्या, मासे मेलेल्या पाण्यांत डासांची एक पिढी तयार होते. आणि घरांत रांगतें मूल असेल, तर साडेतीन फूट खोल पाणी नजरेआड ठेवणें हा अपराधच होय. तेथें जाळीही हवी.

कोणी म्हणेल, जिल्ह्याच्या पूर्वभागांत उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते, मग ही चैन कशाला? हा आक्षेप मला रास्त वाटतो. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व साडेतीन फूट खोल तळ्यांत सुमारें ६,००० लिटर पाणी लागतें. आठवड्याला त्याचा दहावा हिस्सा बदलला, तर ६०० लिटर होतात. तें पाणी बागेला जात असेल, तर तें वायां गेलें असें म्हणतां येणार नाहीं. गटारांत जात असेल, तर तळें करूं नये. आणि ज्या घरीं चैत्र-वैशाखांत पिण्याच्याच पाण्याची ओढ असते, तेथें हा बेत सोडणेंच शहाणपणाचें.

तेव्हां, मुलांनो, कुदळ हातीं घेण्यापूर्वीं एक दोरी घ्या. तळ्याच्या आकाराची ती जमिनीवर अंथरा. सकाळीं, दुपारीं व संध्याकाळीं तेथें ऊन-सावली कशी फिरते तें पाहा. पहिल्या पावसांत पाणी कोठून येतें व कोठें जातें तें पाहा. नंतर घरांत जाऊन रोज बसतां तेथें बसा आणि ती दोरी दिसते का, हें पाहा. दिसत नसेल, तर जागा चुकली असें समजा. आणि पुढें कधीं हौस फिटलीच, तर मासे गोदावरींत सोडूं नका. परके मासे नदींतल्या माशांच्या तोंडचा घांस काढून घेतात. ज्याला ते राखतां येतील, अशा माणसाच्या हवालीं ते करा.